फिरत्या घराला फोन

हिलालराव बोरशांनी जुनी मॅटॅडोर विकत घेतली ती निवृत्तीनंतर बायकोला घेऊन देश पाहावा म्हणून. प्रत्यक्षात त्या गाडीपायी ते जे फिरले ते जळगावच्या कचेऱ्यांमधून, आणि तेही पायी.

गाडी मुळात एका साखर कारखान्याचा फिरता दवाखाना होती. कारखाना बसला, दवाखान्याचं फिरणं थांबलं आणि लिलावात ती हिलालरावांच्या गळ्यात पडली. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढली होती. त्यामुळे गाडी आपल्याला चालवता येते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी आत फळ्यांचे दोन पलंग ठोकून घेतले, शेगडी बसवली, पाण्याचा पिंप ठेवला, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. बाहेरून दुधी रंग दिला. दवाखान्याचा तांबडा क्रॉस मात्र कितीही हात दिले तरी रंगाखालून वर येत राहिला. गाडी दिसली की गल्लीतल्या आया पोरांना इंजेक्शनची भीती घालू लागल्या.

हिलालराव तिला ‘फिरतं घर’ म्हणत. प्रमिलाबाई ‘गाडी’ म्हणत. या एका शब्दाच्या फरकात पुढचं सगळं आलं.

प्रमिलाबाईंची अट एकच होती. त्यांची आई, ताईबाई, गुजरातच्या सीमेजवळ पिंपळनेरला एकटी राहत होती. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पण जावयाच्या घरी राहायचं नाही आणि गाव सोडायचं नाही, या दोन गोष्टींवर म्हातारी अढळ. प्रमिलाबाईंचे वडील वारले तेव्हा त्या हिलालरावांबरोबर धरणाच्या कॅम्पवर होत्या. निरोप घेऊन माणूस पोचला तोवर पिंपळनेरला राख सावडून झाली होती. त्यानंतर घरात फोन आला, तो वाजला की प्रमिलाबाईंच्या हातातलं लाटणं थांबायचं. पलीकडून कोणी गॅसच्या सिलिंडरबद्दल विचारलं की पुन्हा चालू व्हायचं.

“तुम्ही म्हणाल तिथं येते,” त्या म्हणाल्या. “काश्मीर म्हणा, रामेश्वर म्हणा. पण मायचं काही कमीजास्त झालं तर मला तिथल्या तिथं कळलं पाहिजे. नाहीतर ती गाडी दारात उभी राहू द्या. तिच्यात मी पापड वाळत घालीन.”

हिलालरावांना हे रास्त वाटलं. त्यांनी मोठमोठे कालवे आखले होते. एवढासा निरोप पिंपळनेरहून फिरत्या घरापर्यंत आणायचा, त्यात काय अवघड? माणूस असा विचार करतो तेव्हा शनी खुर्ची ओढून शेजारी बसतो.

त्यांनी पहिला अर्ज टेलिफोन कचेरीत दिला.

“कनेक्शन कुठं हवंय?” तिथल्या साहेबांनी विचारलं.

“घरात.”

“पत्ता?”

“पत्ता असा सांगता येणार नाही. घर फिरतं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. समोर तेच गृहस्थ होते. “मग असं करा,” ते शांतपणे म्हणाले, “तुम्हीही जरा फिरून या.”

हिलालराव फिरून आले. पुन्हा पुन्हा फिरून आले. कधी साहेब रजेवर, कधी बाबू जेवायला, कधी अर्ज दुसऱ्या टेबलावर. शेवटी अर्जावर शेरा मिळाला : ‘अर्जदाराने प्रथम एका जागी राहावे.’ ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, त्याला हा शेरा जिव्हारी लागला. त्या दिवशी ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत. घरात बोलायला होत्या प्रमिलाबाईच, कारण मुलगा बडोद्याला होता आणि तोही बराचसा सासुरवाडीचा झाला होता.

गल्लीत ही बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. जळगावात पाण्याची टंचाई असते, सल्ल्यांची कधी ऐकिवात नाही.

समोरच राहणारे भटूनाना पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्याला एक शिस्त होती. आपलं बोलून झालं की ते थांबत आणि समोरच्यानं बोलावं म्हणून हनुवटी वर करीत.

“तार आली की तुटणार, हिलालराव. बिनतारी संच बसवा. एक गाडीत, एक पिंपळनेरला. मधे कोणी नाही.” आणि हनुवटी वर.

“पण त्याला परवाना लागत असेल ना, नाना?”

“दिल्लीहून मिळतो. मी अर्ज सांगतो, तुम्ही लिहा.”

तो अर्ज दिल्लीला गेला. उत्तर आलं नाही. त्याऐवजी साध्या कपड्यांतले दोन गृहस्थ गल्लीत आले. हिलालरावांकडे न येता ते आधी सगळ्या शेजाऱ्यांकडे गेले. बोरसे कोणाकोणाला भेटतात? रात्री कोणी येतं का? निवृत्त माणसाला राज्याच्या सीमेवर गाडी नेऊन बिनतारी बोलायचंय ते कोणाशी? भटूनाना त्या दिवशी नेमके आजारी पडले आणि पांघरूण घेऊन झोपून राहिले. पलीकडच्या वहिनींनी मात्र शेजारधर्म पाळला. “माणूस तसा सरळ आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण गाडीला पडदे कशाला लावलेत, देव जाणे.”

त्यानंतर महिनाभर दूधवालासुद्धा हिलालरावांकडे निरखून पाहत असे.

मग अभिमन आला. अभिमन हा प्रमिलाबाईंच्या मावसबहिणीचा मुलगा. शिक्षण अर्धवट सोडून त्यानं संगणकाचा क्लास काढला होता, आणि पुढच्या शतकाबद्दल तो अशा थाटात बोलत असे की जणू ते त्याच्याच क्लासमध्ये भरणार होतं.

“आबा, हे सगळं जुनं झालं. आता इंटरनेट. अमेरिकेत लोक मोटारीत घर करून हिंडतात आणि मांडीवरच्या संगणकावर पत्रं वाचतात. आजीचा निरोप सेकंदात पडद्यावर!”

एका रविवारी त्यानं कुणाचा तरी मांडीवरचा संगणक मागून आणला. तिघं फिरत्या घरात बसून शहराबाहेर गेले. अभिमननं यंत्र उघडलं, बटणं दाबली आणि म्हणाला, “आता फक्त टेलिफोनची तार पाहिजे.”

“तार?” हिलालरावांनी विचारलं. “मग या गाडीत आपण आलो कशाला?”

अभिमननं गाडी एका एसटीडी बूथपुढे उभी करायला लावली. बूथवाल्याच्या फोनची तार काढून ती खिडकीतून पडद्याखालून आत घेतली. मग यंत्रानं जो आवाज काढला तो ऐकून बूथवाला बाहेर धावत आला. त्याला वाटलं, आत कोंबड्या कापताहेत. इंटरनेटचा नंबर नाशिकचा होता, मीटर पळत होतं, लाईन लागत होती आणि तुटत होती. बाहेर फोनसाठी थांबलेल्या लोकांची गर्दी जमली. त्यातल्या एकानं दुधी रंगाखालचा क्रॉस ओळखला आणि पेशंट कोण आहे, अशी चौकशी केली. लोकांनी हिलालरावांकडे बोट दाखवलं.

बऱ्याच वेळानं लाईन लागली. अभिमन घामाघूम होऊन हसला. “बघा मावशी, आता पिंपळनेरहून आजीनं पत्र टाकलं की झालं!”

प्रमिलाबाईंनी विचारलं, “मायला नोट पाचाची की दहाची ते दिसत नाही. ती हे कशावर लिहिणार रे, अभिमन?”

अभिमननं यंत्र मिटलं.

मोबाईल फोन म्हणाल, तर तो तेव्हा नाशिकपर्यंत आला होता म्हणे, आणि धुळ्याला येणार, येणार असं चाललं होतं. पिंपळनेर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. उरला पेजर. हे काडेपेटीएवढं यंत्र कमरेला लावायचं. पाठवणाऱ्यानं जळगावच्या केंद्राला फोन करून मजकूर सांगायचा, तिथली मुलगी तो इंग्रजी अक्षरांत टाईप करणार, आणि कमरेवर टुंग टुंग होऊन तो उमटणार. जळगावच्या आसपास चालतो, पुढचे मनोरे लवकरच उभे राहतील, असं विक्रेत्यानं छातीला हात लावून सांगितलं. हिलालराव इतके थकले होते की त्यांनी तो हात पुरावा म्हणून धरला.

ते मुद्दाम पिंपळनेरला गेले. ताईबाईंच्या घरासमोर देवचंदचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. देवचंद मनाचा मोठा माणूस. म्हातारीला मीठ-मिरची घरपोच देणारा. हिलालरावांनी त्याच्याकडून नंबर पाठ करून घेतला आणि मजकूर थोडक्यात कसा सांगायचा हे समजावलं.

ताईबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. “मन्हं मरन सांगाले एवढं शिकाडनं पडस का वं?” त्या लेकीला म्हणाल्या. हिलालरावांनी न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या प्रवासाचा दिवस ठरला. प्रवास म्हणजे रंगीत तालीमच : नशिराबादच्या पुढे जायचं, निंबाखाली घर उभं करायचं, भरीत-भाकरी खायची आणि परत. प्रमिलाबाईंनी घरीच वांगी भाजून घेतली होती. निंबाची सावली चांगली होती. प्रमिलाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या आणि लग्नानंतर प्रथमच म्हणाल्या, “बरं वाटतंय हो.”

तेवढ्यात पेजर वाजला.

हिलालरावांनी तो अभिमानानं काढला. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : ‘माय गयी’. पुढे नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या.

त्यांनी काही बोलण्याआधीच प्रमिलाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

नशिराबादच्या बूथवरून हिलालरावांनी देवचंदला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. दुकान बंद म्हणजे खरंच झालं असणार. मग मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. धुळे, अमळनेर, साक्री, जिथं जिथं नातं होतं तिथं तिथं त्यांनी एकामागून एक फोन केले. “ताईबाई गेल्या. आम्ही निघालोय. तुम्ही पोचा.” आयुष्यात एवढं नीटनेटकं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्यांना त्या दुःखातही वाटून गेलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

मॅटॅडोर धुळ्याच्या रस्त्याला लागली. ती तिच्या वेगानं चालली. बैलगाड्या तेवढ्या मागे पडत होत्या. प्रमिलाबाई मागे पलंगावर बसून होत्या. रडत नव्हत्या. “याही वेळी मी नव्हतेच,” एवढं त्या एकदा म्हणाल्या. हिलालरावांना समोरचा रस्ता नीट दिसेना.

ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. नातेवाईक आधीच आले होते. पिंपळनेरच्या लोकांना आधी कळेना की ही माणसं का येताहेत. सकाळी तर ताईबाई चांगल्या जीपमध्ये बसून शिरपूरला डोळ्यांच्या शिबिराला गेल्या होत्या. देवचंदच गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन गेला होता. पण जळगावहून जावयाचा फोन आला म्हटल्यावर सगळ्यांनी दोनात दोन मिळवले. “म्हणजे तिकडेच झालं. डोळ्याचं ऑपरेशन झेपलं नसंल.” पुरुषांनी बांबू आणून भिंतीला लावले, मडकं आणलं. कोणी म्हणालं, शिरपूरला जाऊ. कोणी म्हणालं, नको, मयत वाटेत असेल, चुकामूक व्हायची. बायकांनी ओसरीवर बसून गळा काढला. शेजारची धुरपदाबाई सगळ्यांत पुढे होती. तिचा आवाज पांझरा नदीपलीकडे जायचा.

दिवेलागणीला जीप आली. देवचंद पुढून उतरला आणि गर्दी बघून जागीच थांबला. मागून, एकेकीला हात देत, म्हाताऱ्या उतरल्या. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, कपाळावर हिरव्या कापडाच्या झापडी होत्या, दिसत कोणालाच काही नव्हतं. त्यातली एक चाचपडत सवयीच्या पायऱ्या चढली. ओसरीवर आकांत चाललेला. रीतभात जाणणारी बाई ती. दुसऱ्याचं दुःख बघून उभी कशी राहणार? ती धुरपदाबाईच्या शेजारी बसली, पदर तोंडावर घेतला आणि तिनंही सूर धरला.

थोडं रडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “कोन मरनं वं?”

धुरपदाबाईनं पदर न काढताच सांगितलं, “आपली ताईबाई.”

“अरे देवा! कवय?”

“आज. शिरपूरले.”

“चांगली व्हती वं बिचारी,” असं म्हणून ती पुन्हा रडू लागली. मग तिचा आवाज एकदम बंद पडला. तिनं झापड वर केली. “शिरपूरले तर मी गयथू,” ती म्हणाली.

धुरपदाबाईनं पदर काढला, शेजारी पाहिलं आणि ती उताणी पडली.

पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. प्रमिलाबाईंनी आईला अशी मिठी मारली की म्हातारी गुदमरून दुसऱ्यांदा जायची. देवचंदनं डोकं धरलं. त्यानं सकाळी केंद्राला सांगितलं होतं : माय गयी शिरपूरले, डोळा दखाडाले, सांजले यी जाई, काळजी करू नका. निरोप दुपारी सुटला आणि नशिराबादच्या पुढे, जिथं पेजरचा जीव संपत होता, तिथं पहिले दोन शब्द टाकून बाकीचा हवेत विरला. देवचंदनं आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. लोक चहा प्यायले आणि हिलालरावांकडे बघत राहिले. अमळनेरचे एक वयस्क नातेवाईक जाता जाता सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सासू मेल्यावर आनंद करणारे जावई पाहिले, ही घाई प्रथमच पाहिली.”

ताईबाईंना काही सुचेना, तसा त्यांनी भिंतीला हात लावला. हाताला बांबू लागले. “ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “वालना वेलले चढाले कामे यी.”

तेव्हा सगळे हसले. पण पाहुणे गेल्यावर त्या चुलीपुढे बसल्या त्या जेवायला उठेनात. प्रमिलाबाईंनी ताट पुढे केलं.

“बठ्ठं गाव माले रडी लिधं,” म्हातारी म्हणाली. “आते मी खरंच मरसू तवय कोनी येवाव नही.”

“असं काय बोलस माय?”

“खरं बोलस. रडनारी एकदावच रडस.” मग चुलीतलं लाकूड मागे ओढून ती म्हणाली, “तुन्ही गाडीमा जागा शे का?”

इतकी वर्षं जे कोणाला जमलं नव्हतं ते त्या पेजरनं केलं. ज्या गावानं आपल्याला रडून घेतलं त्या गावात रोज सकाळी उठून कोणत्या तोंडानं झाडलोट करायची, हे ताईबाईंना कळेना. हिलालरावांनी पेजर काढून टाकला. आई बरोबरच असल्यावर निरोप कोणाचा यायचा? कचेऱ्या नकोत, दिल्ली नको, नाशिकची लाईन नको. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, असं ते वाटेत प्रमिलाबाईंना म्हणाले. प्रमिलाबाई म्हणाल्या, “मी किती वर्षांपासून तेच म्हणतेय.” त्या कधी म्हणाल्या होत्या हे हिलालरावांना आठवेना, पण त्यांनी वाद घातला नाही.

ताईबाईंना नर्मदा बघायची होती. फिरतं घर धुळ्याहून शिरपूरकडे, तिथून सातपुड्याच्या घाटाकडे निघालं. म्हातारी पुढच्या सीटवर बसली, प्रमिलाबाई मागे. ताईबाईंना लांबचं अंधुक दिसे, पण रस्त्याकडेला कोणी हात केला की ते बरोबर दिसे.

“गाडी उभी करा जवाईबापू, ती बाई कवयनी हात करी ऱ्हायनी.”

“अहो, हे घर आहे. वडाप नाही.”

“मंग घरमा पाहुना नकोत का?”

गाडी थांबे. बाजाराच्या पाट्या, कोंबड्या, लेकरं घेऊन बायका पलंगांवर बसत. ताईबाई मागे वळून प्रत्येकीला गाव, सासर, मुलं विचारत. फुलाफुलांच्या पडद्यांना कोणी नाक पुसून ठेवलं. हिलालराव दात आवळून गाडी हाकत होते. आणि प्रमिलाबाई मागे त्या बायकांत अंग चोरून बसल्या होत्या आणि हसत होत्या. आईला इतकं बोलताना त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

खलघाटला ताईबाई लेकीचा हात धरून नर्मदेच्या पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत पाणी आलं तशा थांबल्या, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. “माय वं, एवढं पानी!” त्या म्हणाल्या. “आनि आमना पांझरामा नुसती वाळू.” त्यांनी दोन ओंजळी सोडल्या, एक नवऱ्याच्या नावानं, दुसरी कोणाच्या ते त्यांनी सांगितलं नाही.

परतताना घाट उतरून गाडी एका पळसाखाली उभी केली. दुपारची वेळ होती. हिलालराव इंजिनात पाणी घालत होते. आत प्रमिलाबाई आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत होत्या. ताईबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “जरा आडी पडस.” त्या आडव्या झाल्या. हात सोडला नाही. थोड्या वेळानं प्रमिलाबाईंना वाटलं, हात जड लागतोय.

त्यांनी हाक मारली नाही. हिलालराव दारात आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. “गेली हो,” त्या म्हणाल्या. “आत्ता. माझ्या हातात.”

आता निरोप यांच्याकडे होता आणि तो पोचवायचा होता. जवळच्या गावात बूथ होता, त्याची लाईन मेलेली होती. पुढच्या गावात फोन होता, त्याची किल्ली घेऊन मालक लग्नाला गेला होता. शिरपूर येईपर्यंत वाटेत पुष्कळ बायकांनी हात केले. हिलालराव कोणासाठी थांबले नाहीत, आणि दर वेळी त्यांना मागे वळून बघावंसं वाटलं.

शिरपूरच्या बूथवर फोन लागला.

“देवचंदभाऊ, ताईबाई गेल्या.”

“कथा गयी?” कुठं गेल्या, असं देवचंदनं हलकेच विचारलं.

“गेल्या म्हणजे वारल्या, भाऊ.”

“जवाईबापू, मागला बारी बी तुम्ही हाईच सांगं व्हतं. मी बठ्ठा गावले चहा पाजा.”

“या वेळी खरंच. मी शपथ घेतो.”

“शपथ नको. तुम्ही मायले फोन द्या. माय सांगी तर मी मानसू.”

हिलालरावांच्या हातातून रिसीव्हर सुटायचा राहिला. हसू येतंय की रडू ते त्यांना कळेना. प्रमिलाबाई गाडीतून उतरून त्यांच्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी रिसीव्हर घेतला, कानाला लावला. बोलायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. नुसता श्वास जात राहिला, येत राहिला. बूथवाल्यानं मीटरवरची नजर दुसरीकडे वळवली.

पलीकडून देवचंदनं दुकानाची फळी लावल्याचा आवाज आला.

“आक्का,” तो शेवटी म्हणाला, “मायले गावले लई या. आम्ही बठ्ठा वाट दखतस.”

गाव आलं. धुरपदाबाईसुद्धा आली. तिचा आवाज मात्र त्या दिवशी नदीपलीकडे गेला नाही; ती प्रमिलाबाईंजवळ बसून पदरानं नाक पुसत राहिली. अमळनेरचे ते वयस्क नातेवाईक सकाळच्या गाडीनं आले. ते हिलालरावांच्या खांद्याला खांदा लावून चालले.

सुतक संपवणारा गंधमुक्तीचा विधी आटोपून दोघं जळगावला परतली. नंतर काही दिवसांनी अभिमन आला. हातात जाहिरातीची चोपडी होती, चेहऱ्यावर ती जुनी चमक. धुळ्याला मोबाईल सुरू होतोय, जळगावचंही नक्की झालंय, पुढे हायवेवर मनोरेच मनोरे. “मावशी, आता खरी सोय झाली. कुठंही असा, फोन लागणार!”

प्रमिलाबाईंनी त्याला चहा दिला, शेव दिली. चोपडी हातात घेऊन त्यांनी तिच्यावरचं चित्र नीट बघितलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला आता कोणाचा फोन यायचाय?”

अभिमन चहा संपवून लवकर गेला. हिलालराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. प्रमिलाबाई येऊन पायरीवर बसल्या. समोर मॅटॅडोर उभी होती, टाकी भरलेली, पडदे धुऊन पुन्हा लावलेले.

“आता कुठंही जाता येईल,” त्या म्हणाल्या.

हिलालरावांनी मान हलवली. मग ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर चढलं, तरी दोघंही तिथंच बसून राहिली. आधी उठायचं कोणी, हे काही ठरेना.